प्लॅस्टिकमधून वीज वाहते, उजेडही पडतो; मग घरोघरी प्लॅस्टिकचे सोलर पॅनल का दिसत नाहीत?

वायरवर प्लॅस्टिकचं आवरण असतं, पकडीच्या मुठीवर प्लॅस्टिक असतं, स्विचबोर्डही प्लॅस्टिकचा असतो. कारण एकच, प्लॅस्टिक वीज अडवतं. हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि ते बहुतांशी खरंही आहे.

पण प्लॅस्टिकच्या कुळात काही पदार्थ असे आहेत जे वीज वाहून नेतात, वीज दिली की प्रकाश देतात आणि प्रकाश दिला की वीज देतात. त्यांना सेमीकंडक्टिंग पॉलिमर, म्हणजे अर्धवाहक पॉलिमर म्हणतात. या क्षेत्राचा पाया घालणाऱ्या शोधाला २००० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तेव्हापासून एक स्वप्न सतत सांगितलं जातं. वर्तमानपत्र छापावं तसे सोलर पॅनल छापायचे, टीव्ही चटईसारखा गुंडाळून ठेवायचा. सोशल मीडियावर असे व्हिडिओ अधूनमधून व्हायरल होतात. त्यातलं खरं किती, अर्धवट किती आणि पंचवीस-तीस वर्षांत गाडी नेमकी कुठे अडली, ते पाहू.

साधं प्लॅस्टिक वीज का अडवतं?

पॉलिमर म्हणजे एकाच प्रकारच्या छोट्या कड्या जोडून झालेली लांबच लांब साखळी. कॅरीबॅगचं पॉलिथिन हे त्याचं सोपं उदाहरण. त्यात कार्बनचे अणू एकेरी बंधांनी जोडलेले असतात आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या बंधात जखडलेला असतो. मोकळा फिरणारा कोणी नाही, म्हणून वीज वाहत नाही.

अर्धवाहक पॉलिमरमध्ये कार्बनच्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक येतात. या रचनेत प्रत्येक कार्बनमागे एक इलेक्ट्रॉन असा असतो, जो दोन अणूंच्या मध्येच अडकून राहत नाही. साखळीच्या वर आणि खाली या इलेक्ट्रॉनांचा एक सामाईक ढग तयार होतो. साखळीच्या मोठ्या भागावर तो पसरलेला असतो.

आता घरातला माळा डोळ्यांसमोर आणा. इलेक्ट्रॉन जमिनीवर आहे आणि वीज वाहायची असेल तर त्याला माळ्यावर जायला हवं. पॉलिथिनमध्ये माळा इतका उंच असतो की तिथे पोहोचणं जवळपास अशक्य. धातूमध्ये जमीन आणि माळा वेगळे नसतातच. अर्धवाहकात माळा मध्यम उंचीवर असतो. थोडी ऊर्जा मिळाली की इलेक्ट्रॉन वर चढतो.

स्क्रीन आणि सोलर सेल या दोन्हींची गोष्ट या एका चित्रात बसते. माळ्यावरचा इलेक्ट्रॉन खाली उतरला की उरलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडू शकते. ती झाली स्क्रीन. बाहेरचा प्रकाश पडून इलेक्ट्रॉन माळ्यावर चढला आणि त्याला तारेतून बाहेर काढता आलं, तर झाला सोलर सेल. प्रकाशाचा रंग माळ्याच्या उंचीवर ठरतो. उंची कमी असेल तर लाल, जास्त असेल तर निळा. रसायनशास्त्रज्ञ साखळीची रचना बदलून ही उंची हवी तशी कमी-जास्त करू शकतात. या पदार्थांचं मोठं आकर्षण तेच आहे.

हजारपट जास्त पडलेलं रसायन

१९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा पॉलिॲसिटिलीन नावाच्या पॉलिमरवर काम करत होते. एका प्रयोगात उत्प्रेरक ठरल्यापेक्षा सुमारे हजारपट जास्त पडला. नेहमीच्या काळपट भुकटीऐवजी भांड्यात चंदेरी, चकचकीत पापुद्रा तयार झाला.

दिसायला तो धातूसारखा होता, पण वीज धातूसारखी वाहून नेत नव्हता. पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ॲलन मॅकडायर्मिड जपानला आले असताना त्यांची शिराकावांशी भेट झाली. त्यांनी शिराकावांना अमेरिकेत बोलावलं. त्याच विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ॲलन हीगर सोबत होते. या तिघांनी पापुद्र्याला ब्रोमीन, आयोडीन यांसारख्या हॅलोजनची वाफ दिली. त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता कोट्यवधी पटींनी वाढली. १९७७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि २००० साली तिघांना नोबेल मिळालं.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. अशी वाफ देऊन, म्हणजे डोपिंग करून, पॉलिमर तारेसारखं वीजवाहक होतं. डोपिंग न केलेलं पॉलिमर अर्धवाहक राहतं. स्क्रीन आणि सोलर सेलच्या मुख्य थरात हा दुसरा प्रकार लागतो.

पहिल्या प्रकारातलं एक पॉलिमर मात्र गाजावाजा न करता बाजारात स्थिरावलं आहे. त्याचं नाव पीडॉट. फोटोच्या फिल्मवर स्थिर वीज साठू नये म्हणून त्याचा लेप दिला जायचा. आज इलेक्ट्रॉनिक सर्किटमधल्या अनेक कपॅसिटरमध्ये ते वापरलं जातं. त्यामुळे वीज वाहून नेणारं प्लॅस्टिक तुमच्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर असण्याची बरीच शक्यता आहे.

केंब्रिजमधला पिवळट हिरवा उजेड

पुढचा टप्पा इंग्लंडमध्ये गाठला गेला. केंब्रिज विद्यापीठात रिचर्ड फ्रेंड यांच्या गटात जेरेमी बरोज आणि डोनल ब्रॅडली पीपीव्ही नावाच्या पॉलिमरवर काम करत होते. १९८९ मध्ये पीपीव्हीच्या पातळ थराला वीज दिल्यावर तो पिवळट हिरव्या रंगात चमकतो, हे त्यांना दिसलं. १९९० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. रसायनशास्त्रज्ञ ॲन्ड्र्यू होम्सही या कामात होते.

रचना सँडविचसारखी असते. खाली वीजवाहक पारदर्शक लेप दिलेली काच, मध्ये पॉलिमर आणि वर धातूचा थर. मधल्या पॉलिमरची जाडी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास. धातूच्या बाजूने इलेक्ट्रॉन आत येतात. काचेच्या बाजूने 'होल' आत येतात. होल म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी झालेली जागा. इलेक्ट्रॉन आणि होल पॉलिमरमध्ये भेटले की इलेक्ट्रॉन माळ्यावरून खाली उतरतो आणि प्रकाश बाहेर पडतो.

या शोधाने एवढी खळबळ का उडाली? कारण सिलिकॉनसारखे अर्धवाहक तयार करायला प्रचंड तापमानाच्या भट्ट्या आणि अतिशय स्वच्छ स्फटिक लागतात. पॉलिमरला योग्य उपशाखा जोडल्या की ते द्रावकात विरघळतं. विरघळलं म्हणजे त्याची शाई झाली, आणि शाई झाली म्हणजे ती छापता येते. १९९२ मध्ये 'केंब्रिज डिस्प्ले टेक्नॉलॉजी' ही कंपनी याच आशेवर सुरू झाली.

मग मोबाईलच्या स्क्रीनमध्ये हेच पॉलिमर आहे का?

नाही. इथे अनेकांचा गोंधळ होतो. तुमच्या फोनवर 'ॲमोलेड' किंवा 'ओलेड' लिहिलेलं असेल, तर त्यात प्रकाश देणारे पदार्थ सेंद्रिय, म्हणजे कार्बनवर आधारलेलेच असतात. पण ते लांब साखळीचे पॉलिमर नसून छोटे रेणू असतात. या तंत्राचा पाया १९८७ मध्ये कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी घातला होता. म्हणजे केंब्रिजच्या शोधाच्याही आधी.

छोटे रेणू निर्वात पेटीत तापवून त्यांची वाफ करतात. ती अतिशय बारीक छिद्रांच्या धातूच्या जाळीतून काचेवर किंवा प्लॅस्टिकवर बसवतात. पद्धत महाग आहे, बराच कच्चा माल पेटीच्या भिंतींवर वाया जातो. तरीही बाजारात तीच जिंकली. पॉलिमर मागे पडण्याची मुख्य कारणं अशी:

- थरावर थर देणं अवघड. चांगल्या ओलेडमध्ये एकमेकांवर अनेक थर लागतात. शाईने एक थर छापून त्यावर दुसरा छापायला गेलं, तर दुसऱ्या शाईतला द्रावक खालचा थर विरघळवतो. वाफेने थर देताना ही अडचण येत नाही.

- शुद्धता. छोटे रेणू वाफ करून पुन्हा पुन्हा शुद्ध करता येतात. पॉलिमरच्या साखळ्या एकसारख्या लांबीच्या नसतात आणि त्यात उत्प्रेरकाचे कण मागे राहतात. असे कण स्क्रीनचं आयुष्य कमी करतात.

- चारातले तीन वाया. इलेक्ट्रॉन आणि होल भेटतात तेव्हा क्वांटम नियमांप्रमाणे साधारण चारातली एकच जोडी सहज प्रकाश देऊ शकते. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्लॅटिनमसारखा जड धातू असलेले छोटे रेणू वापरून उरलेल्या तीन जोड्यांमधूनही प्रकाश मिळवण्याची वाट दाखवली. पुढे इरिडियमच्या रेणूंनी ती आणखी रुंद केली. छोट्या रेणूंना याचा मोठा फायदा झाला.

- निळा रंग. निळ्या प्रकाशासाठी माळा सर्वांत उंच लागतो. तेवढी ऊर्जा पदार्थाचे स्वतःचे बंधही तोडू शकते. निळ्याचं आयुष्य कमी असणं ही छोट्या रेणूंचीही डोकेदुखी आहे, पण पॉलिमरमध्ये ती जास्त भोवली.

पॉलिमरच्या स्क्रीन बाजारात आल्याच नाहीत असं नाही. २००२ मध्ये फिलिप्सने दाढीच्या इलेक्ट्रिक शेव्हरवर पॉलिमरची छोटी स्क्रीन दिली होती. २००४ मध्ये एप्सनने इंकजेट पद्धतीने छापलेल्या ४० इंची ओलेड स्क्रीनचा नमुना दाखवला. २००७ मध्ये केंब्रिज डिस्प्ले टेक्नॉलॉजी ही कंपनी जपानच्या सुमितोमो केमिकलने विकत घेतली. छपाईच्या तंत्राने ओलेड मॉनिटर तयार करणाऱ्या जेओलेड या जपानी कंपनीला २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. आता चीनची टीसीएल सीएसओटी ही कंपनी छापील ओलेडचं तंत्र पुढे नेण्याच्या प्रयत्नात आहे.

उलटा प्रवास: उजेडापासून वीज

स्क्रीनच्या शर्यतीत पॉलिमर मागे पडलं, पण सोलर सेलमध्ये त्याने लांबचा पल्ला गाठला. सुरुवात मात्र अडखळत झाली.

सिलिकॉनवर ऊन पडलं की इलेक्ट्रॉन आणि होल लगेच एकमेकांपासून मोकळे होतात. पॉलिमरमध्ये ते एकमेकांना घट्ट धरून राहतात. या जोडीला एक्सिटॉन म्हणतात. ती साधारण १० नॅनोमीटर एवढाच प्रवास करू शकते. तेवढ्यात तिला कोणी वेगळं केलं नाही, तर इलेक्ट्रॉन पुन्हा खाली उतरतो आणि मिळालेली ऊर्जा वाया जाते.

यावर उपाय म्हणजे शेजारी असा दुसरा पदार्थ ठेवायचा, जो इलेक्ट्रॉन खेचून घेईल. १९८६ मध्ये चिंग टँग यांनीच छोट्या रेणूंचे दोन थर एकमेकांवर ठेवून सुमारे १ टक्का कार्यक्षमता मिळवली होती. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा इथे सेर्दार सारीचिफ्ची, हीगर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पॉलिमरमधला इलेक्ट्रॉन फुलरीन या फुटबॉलच्या आकाराच्या कार्बन रेणूकडे विजेच्या वेगाने उडी मारतो.

पण दोन सपाट थर ठेवले तर त्यांच्या सीमेपासून १० नॅनोमीटरच्या आतल्या जोड्याच कामी येतात. थर इतका पातळ ठेवला तर ऊन आरपार जातं. १९९५ च्या सुमारास यावर तोडगा निघाला. दोन थर देण्याऐवजी दोन्ही पदार्थ एकाच शाईत मिसळायचे. चिवड्यात कुठूनही मूठ भरली तरी पोहे आणि शेंगदाणे शेजारी-शेजारी येतात, तसं या मिश्रणात कुठेही एक्सिटॉन तयार झाला तरी सीमा जवळच सापडते. मात्र सुटलेल्या इलेक्ट्रॉन आणि होलला बाहेर पडायला सलग वाटाही हव्यात. त्यामुळे मिश्रण फार बारीक झालं तरी नुकसान आणि फार जाड राहिलं तरी नुकसान. हा तोल साधण्यात पुढची दोन दशकं गेली.

२००० च्या दशकाच्या मध्यावर प्रयोगशाळेतली कार्यक्षमता ४ ते ५ टक्क्यांवर होती. नवी पॉलिमर आल्यावर ती १० टक्क्यांच्या पुढे सरकली. मोठी उडी मारली ती फुलरीनला बाजूला सारल्यावर. २०१९ मध्ये चीनमधल्या झोउ यिंगपिंग यांच्या गटाने 'वाय-सिक्स' नावाचा नवा रेणू मांडला. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही तो शोषतो. योग्य पॉलिमरसोबत त्याने १५ टक्क्यांहून जास्त कार्यक्षमता दिली. त्याच वाटेवरचे आजचे सर्वोत्तम छोटे सेल २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले आहेत. बाजारातले चांगले सिलिकॉन पॅनलही २० ते २३ टक्क्यांच्या घरात असतात.

आकडे जवळ आले, मग छतावर अजून सिलिकॉनच का?

पहिलं कारण आकाराचं. विक्रमी आकडे अनेकदा चौरस सेंटिमीटरपेक्षाही लहान सेलचे असतात. मोठ्या पृष्ठभागावर १०० नॅनोमीटरचा थर एकसारखा बसवणं कठीण. एखादा धुळीचा कणही शॉर्ट सर्किट करू शकतो. त्यामुळे मोठ्या पॅनलची कार्यक्षमता विक्रमी आकड्यापेक्षा बरीच खाली येते.

दुसरं आयुष्याचं. सिलिकॉन पॅनलवर कंपन्या साधारण २५ वर्षांची हमी देतात. पॉलिमर ऊन, ऑक्सिजन आणि दमट हवा यांनी झिजतं. शिवाय तो चिवडा उष्णतेने हळूहळू विस्कटतो आणि दोन्ही पदार्थांच्या वेगवेगळ्या गुठळ्या होऊ लागतात. ओलावा अडवणारं चांगलं आवरण घालता येतं, पण त्याने किंमत वाढते आणि स्वस्ताईचा मुद्दा लंगडा पडतो.

तिसरं कारण प्रतिस्पर्ध्याचं. पॉलिमर सुधारत होतं, त्याच काळात सिलिकॉन पॅनलच्या किमती कोसळल्या. हीगर ज्याच्या संस्थापकांपैकी एक होते, ती अमेरिकेतली कोनार्का कंपनी २००१ मध्ये सुरू झाली. गुंडाळता येणाऱ्या छापील सोलर फिल्म तिने बाजारात आणल्या आणि २०१२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. नोबेल विजेता पाठीशी असूनही बाजाराचं गणित जुळलं नाही.

फोनच्या पाठीवर सोलर लावला तर?

अशा दाव्यांसाठी पाढ्यांइतकं गणित पुरतं. भर दुपारच्या कडक उन्हात दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊर्जा पडते. फोनची पाठ साधारण ७ बाय १५ सेंटिमीटर, म्हणजे तिच्यावर सुमारे १० वॅट पडतात. १५ टक्के कार्यक्षमता धरली तर हाती दीड वॅट येतात. ५,००० एमएएचच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. म्हणजे फोन सलग बारा-तेरा तास कडक उन्हात ठेवावा लागेल. एवढा वेळ कडक ऊन दिवसभरात कुठेही मिळत नाही, आणि तापल्याने बॅटरी खराब होईल ते वेगळंच. तंत्र कितीही सुधारलं तरी फोनच्या पाठीवर पडणारं ऊन वाढणार नाही.

मग याचा उपयोग कुठे?

जिथे सिलिकॉन चालत नाही तिथे. ट्यूबलाइटच्या उजेडात भरपूर प्रकाश असलेल्या खोलीतही दर चौरस मीटरवर एक-दोन वॅटच ऊर्जा असते. पण पॉलिमरच्या माळ्याची उंची या प्रकाशाला जुळवून घेता येते. तापमान, ओलावा मोजणाऱ्या छोट्या सेन्सरला तेवढी वीज पुरते आणि सेल बदलायची कटकट वाचते. घरात पाऊस-ऊन नसल्याने आयुष्यही वाढतं.

काचेच्या जड पॅनलचं वजन न पेलणारी पत्र्याची छपरं, वळणदार पृष्ठभाग, खिडक्यांच्या काचा आणि शेतातली हरितगृहं हे आणखी पर्याय. पॉलिमर ठरावीक रंगच शोषेल असं घडवता येतं, त्यामुळे झाडांना लागणारा प्रकाश आत सोडून उरलेल्या प्रकाशाची वीज करण्यावर संशोधन सुरू आहे.

भारतातही यावर काम होतं. आयआयटी कानपूरमध्ये लवचिक इलेक्ट्रॉनिक्ससाठी राष्ट्रीय केंद्र आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, पॉलिमरवर अनेक दशकांपासून संशोधन चालू आहे.

पुढचा व्हायरल व्हिडिओ पाहताना

'छापील सोलर', 'सोलर पेंट', 'प्लॅस्टिक पॅनल' असं काही समोर आलं, तर चार गोष्टी पाहा.

१. टक्केवारी किती आकाराच्या सेलची आहे? नखाएवढ्या तुकड्याचा आकडा छताला लागू होत नाही.

२. उन्हात किती वर्षं टिकतो? हे सांगितलं नसेल, तर मुख्य माहितीच दडवली आहे असं समजा.

३. वस्तू खरोखर विकली जाते, की प्रयोगशाळेतला नमुना आहे?

४. किंमत प्रति वॅट किती? पॅनलची नुसती किंमत कमी असून उपयोग नाही. वीजही कमी आणि आयुष्यही कमी असेल तर ते महागच पडतं.

आज घराच्या छतावर सोलर बसवायचा असेल तर सिलिकॉनसाठी थांबून राहण्याचं कारण नाही. प्लॅस्टिकचे पॅनल येतील म्हणून निर्णय पुढे ढकलणं तोट्याचं ठरेल. पण हे संशोधन फसलं असंही म्हणता येणार नाही. वीज अडवणारं म्हणून ओळखला जाणारा पदार्थ चाळीसेक वर्षांत उन्हापासून वीज करण्यात सिलिकॉनच्या जवळ येऊन पोहोचला. कार्यक्षमतेचा प्रश्न बराचसा सुटला आहे. आता उरला आहे तो टिकाऊपणाचा, आणि त्याचं उत्तर प्रयोगशाळेच्या दिव्याखाली मिळणार नाही. त्यासाठी पॅनलला काही उन्हाळे आणि काही पावसाळे बाहेर काढावे लागतील.